परात, हंडा आणि तेरा पिकोफॅरड

घरी बांधल्या जाणाऱ्या टेस्ला कॉइलच्या सर्व भागांमध्ये टॉपलोड हा एकच भाग असा आहे की ज्याविषयी घरातील प्रत्येकाला ठाम मत असते. प्रायमरीला किती वेढे द्यावेत, स्पार्क गॅपमधील फट किती ठेवावी, कपॅसिटर किती व्होल्ट सोसणारा घ्यावा, या प्रश्नांवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकाच लोहमार्गावरच्या तीन गावांतील कुटुंबे सहसा मौन पाळतात आणि कॉइल बांधणाऱ्याला त्याच्या नशिबावर सोडून देतात. परंतु पीव्हीसीच्या पाइपावर गुंडाळलेल्या तारेच्या माथ्यावर टॉपलोड म्हणून धातूची एखादी मोठी, पोकळ, गुळगुळीत वस्तू बसवायची आहे हे कळताच आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांना या शास्त्रात गती असल्याचे उघड होते, कारण ती वस्तू भांड्यासारखी दिसते आणि बहुतेक वेळा ती भांडेच असते.

निकोला टेस्ला (१८५६–१९४३) हे नाव आता मोटारीमुळे घरोघरी पोहोचले असले, तरी १८९१ साली त्याने सिद्ध केलेल्या या यंत्राला चाके नाहीत, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. यंत्राचे तत्त्व थोडक्यात असे: उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरने एक कपॅसिटर भरायचा, तो स्पार्क गॅप नावाच्या हवेच्या फटीतून जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांत, म्हणजे प्रायमरीत, एकदम रिकामा करायचा, आणि त्या झटक्याने मधोमध उभ्या असलेल्या बारीक तारेच्या हजारभर वेढ्यांत, म्हणजे सेकंडरीत, आंदोलने उठवायची. दोन्ही गुंडाळ्यांची स्वाभाविक वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या, जुळली की अनुनाद घडतो, दर आंदोलनागणिक ऊर्जा प्रायमरीतून सेकंडरीत सरकत जाते आणि माथ्याशी लाखाच्या घरातला व्होल्टेज उभा राहतो. सेकंडरीची वारंवारता दोन गोष्टींवर ठरते. पहिली वेढ्यांमुळे येणारा इंडक्टन्स आणि दुसरी धारिता, म्हणजे ठरावीक दाबाला एखाद्या वस्तूत किती विद्युतभार मावतो त्याचे माप. टॉपलोड बसवायचा तो या धारितेसाठी. देवळाला कळस असतो तसा कॉइललाही शोभेचा असावा, असे पाहुण्यांना वाटते आणि कॉइल बांधणारा त्यांचा गैरसमज दूर करत नाही, कारण खरे कारण सांगू लागल्यास चहा निवतो.

गोल टॉपलोडची धारिता काढणे इतके सोपे आहे की त्यात विज्ञान आहे असे कोणाला वाटतही नाही. गोलाची त्रिज्या जितके सेंटिमीटर भरेल तितके पिकोफॅरड धरावेत आणि वर सुमारे अकरा टक्के चढवावेत. दहा सेंटिमीटर त्रिज्येचा गोल म्हणजे ११.१ पिकोफॅरड, आणि एक पिकोफॅरड म्हणजे फॅरड या मूळ एककाचा एकावर बारा शून्ये इतका अंश. जुन्या मापनपद्धतीत तर धारितेचे एककच सेंटिमीटर होते, त्यामुळे त्या काळी विद्युतशास्त्रज्ञाचे काम शिंप्याच्या टेपेनेही भागले असते. हाच हिशेब पृथ्वीला लावला, तर ६,३७१ किलोमीटर त्रिज्येच्या या गोलाची धारिता जेमतेम ७१० मायक्रोफॅरड निघते, आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात थोडक्या रुपयांना मिळणारा, बोटाच्या पेराएवढा, हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सागर-पर्वतांसह सबंध पृथ्वीला मागे टाकतो. उभ्या माणसाची धारिता शंभर पिकोफॅरडच्या आसपास असते. ज्या वस्तूसाठी घरात आठ दिवस खल चालतो ती खल करणाऱ्या प्रत्येकाच्या धारितेचा आठवा-दहावा हिस्साच असते, ही बाब कॉइल बांधणारे बैठकीत मांडत नाहीत, आणि त्यात शहाणपण आहे.

गोल नसलेल्या वस्तूंचा अभ्यास हेन्री कॅव्हेंडिश याने १७७० च्या दशकात लंडनमध्ये केला. १२.१ इंच व्यासाचा एक गोल प्रमाण मानून त्याने निरनिराळ्या आकारांची धारिता त्याच्याशी ताडून पाहिली, आणि सारख्याच व्यासाच्या चपट्या चकतीपेक्षा गोलाची धारिता १.५७ पट भरते असे त्याला आढळले. ते त्याने छापले मात्र नाही, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८७९ मध्ये त्याची टिपणे प्रसिद्ध केली तेव्हा गणिताने निघणाऱ्या उत्तराशी तो आकडा जुळत असल्याचे सर्वांना कळले. कॅव्हेंडिश माणसांना इतका बुजत असे की घरातील मोलकरणींशीही तो चिठ्ठ्यांद्वारे बोले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. प्रयोगासाठी घेतलेले भांडे परत मागायला त्याच्याकडे कोणी फिरकले नसावे, आणि त्याच्या मापनातील अचूकतेचे श्रेय काही अंशी याला देणे भाग आहे.

कॅव्हेंडिशच्या या निष्कर्षाचे घरगुती रूप परात विरुद्ध हंडा असे आहे. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या परातीची धारिता सुमारे १४ पिकोफॅरड, तर तेवढ्याच व्यासाच्या गोलाची २२. आकड्यांवरून परात अगदीच टाकाऊ ठरत नाही, आणि ती प्रत्येक घरात असते. परंतु धारितेइतकाच महत्त्वाचा दुसरा गुण टॉपलोडला लागतो, तो म्हणजे पृष्ठभागाचा मवाळपणा. हवा साधारणपणे सेंटिमीटरला तीस हजार व्होल्टपर्यंत तग धरते. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ गोलावर त्यामुळे तत्त्वतः तीन लाख व्होल्ट साचू शकतात, परंतु जेथे धातूला धार, कोपरा किंवा टोक असते तेथे विद्युतक्षेत्र एकवटते, आणि दाब पुरेसा चढण्यापूर्वीच निळसर जांभळी फुसफुस सुरू होऊन विद्युतभार हवेत झिरपून जातो. या फुसफुशीला कोरोना म्हणतात. परातीचा काठ ही अशी सलग, गोलाकार, सव्वा मीटर लांबीची धार असल्याने परात माथ्यावर ठेवलेली कॉइल लांब ठिणगी टाकण्याऐवजी चहूबाजूंनी नुसती कुरकुरत राहते.

हंड्याला काठ असतो, कळशीला गळा असतो, तांब्याची त्रिज्या पाच-सहा सेंटिमीटरपलीकडे जात नाही, आणि कढईचे कान तर या विद्येचे उघड शत्रू आहेत. म्हणून अनुभवी मंडळी दोन सारखे गोलसर बाउल तोंडाला तोंड लावून, सांध्यावर अॅल्युमिनियमची टेप डकवून गोल सिद्ध करतात. आता हे बाउल ज्या दुकानातून येतात तेथील व्यवहार थोडा जवळून पाहण्याजोगा आहे. स्टीलची भांडी बऱ्याच दुकानांत किलोवर विकली जातात, त्यामुळे दुकानदार ‘जाड गेजचं घ्या भाऊ, आयुष्यभर टिकेल’ असा सल्ला देतो, आणि तो सल्ला स्वयंपाकासाठी जितका योग्य तितकाच टॉपलोडसाठी निरर्थक असतो. मायकेल फॅरडेने १८४३ साली बर्फ ठेवण्याची धातूची बादली घेऊन दाखवून दिले की विद्युतभार वाहकाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच बसतो. आत धातू भरीव असो वा पोकळ, जाड असो वा कागदासारखा पातळ, त्याला फरक पडत नाही. थर्माकोलच्या गोळ्यावर नीट चिकटवलेली फॉइलही धारितेच्या बाबतीत भरीव पितळी गोळ्याची बरोबरी करते. गिऱ्हाईक सर्वांत हलके भांडे मागते, ते उलटे करून काठावरून बोट फिरवते, तळाकडे ढुंकूनही पाहत नाही आणि झाकण नको म्हणते, तेव्हा दुकानदार त्याच्याविषयी काय समजायचे ते समजतो.

यानंतर तो ‘नाव कोरून देऊ का?’ असे विचारतो. मराठी घरातील स्टीलच्या भांड्यावर नाव असणे हा मालकीहक्काचा अंतिम पुरावा मानला जातो, आणि वास्तुशांतीत किंवा लग्नात आलेल्या भांड्यावर ‘सप्रेम भेट’ या शब्दांसह देणाऱ्याचे नाव, तारीख आणि क्वचित गावही असते. ही अक्षरे थरथरत्या सुईने टिंबाटिंबांची कोरलेली असतात, आणि प्रत्येक टिंबाच्या कडेला धातूची नखाला लागेल इतकी बारीक कोर उभी राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण दाब चढल्यावर विद्युतक्षेत्राला ती बरोबर सापडते. त्यामुळे घरातून मिळवलेल्या भांड्यावरचा कोरोना पुष्कळदा मामांच्या आडनावापासून सुरू होतो, आणि बारीक पॉलिश पेपरने ते आडनाव घासून काढणे हा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष उपाय नात्यांच्या दृष्टीने अमलात आणता येत नाही. अक्षरांवर फॉइलची पट्टी चिकटवणे हा मध्यममार्ग बहुतेकांनी स्वीकारला आहे.

उल्हासनगरात भांडी घरातून चोरण्याची गरज तशी पडू नये. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या लष्करी छावणीला १९४९ साली हे नाव मिळाले, तेथील विभाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच याच नावांनी ओळखले जातात, आणि जीन्सपासून फर्निचरपर्यंत कोणतीही वस्तू पाहून तशीच दुसरी बनवून देण्याची तेथील ख्याती एवढी आहे की ‘मेड इन यूएसए’ मधील यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आता विनोद राहिलेला नसून स्थानिक इतिहासाचे साधन झाला आहे. तथापि या ख्यातीला एक अट आहे: नमुना दाखवावा लागतो. टॉपलोडच्या बाबतीत गिऱ्हाईकाकडे नमुना नसतो, कागदावर काढलेले एक वर्तुळ आणि त्याच्या आत दुसरे वर्तुळ असते, आणि कारागिराचा पहिला प्रश्न ‘हे कशाचं आहे?’ असा असतो. खरे उत्तर दिल्यास भाव दुप्पट होतो आणि खोटे उत्तर दिल्यास वस्तूला हँडल बसवून मिळते.

ती दोन वर्तुळे म्हणजे टोरॉइड, आणि टॉपलोडच्या शास्त्रात गोलापेक्षा त्याचा मान मोठा. डोक्यावर हंडा ठेवण्यासाठी कापडाची जी चुंबळ करतात, तिचाच हा आकार. त्याचे सामर्थ्य नुसत्या धारितेत नाही. सेकंडरीच्या वरच्या टोकाचे वेढे हे सर्वांत जास्त दाबाखाली असतात, आणि टोरॉइडचा बाहेर आलेला फुगीर घेर त्या वेढ्यांभोवतीचे विद्युतक्षेत्र सौम्य करून त्यांना पंखाखाली घेतो, त्यामुळे ठिणगी वेढ्यांतून न फुटता घेराच्या बाहेरून फुटते. नळीची जाडी साधारण सेकंडरीच्या व्यासाइतकी आणि पूर्ण व्यास तिच्या चौपट, असा एक अंदाजपंचे नियम कॉइल बांधणाऱ्यांत रूढ आहे. तो पाळला नाही तरी कॉइल चालते, पाळला तर बांधणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो. टोरॉइडची धारिता काढण्याचे सूत्रही गोलाच्या सूत्रावरच उभे आहे: टोरॉइडच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढावे, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोलाची त्रिज्या काढावी, आणि आकारानुसार किंचित दुरुस्ती करावी. तीस सेंटिमीटर पूर्ण व्यास आणि साडेसात सेंटिमीटर जाडीची नळी घेतली, की सुमारे १३ पिकोफॅरड मिळतात.

याच तत्त्वावर वेड्यावाकड्या भांड्याची अंदाजी धारिता काढण्याची एक पद्धत सुचते. भांड्याला बाहेरून फॉइलचा एकच थर सुरकुतीविना चढवावा, तो सोलून त्याचे वजन करावे, त्याच फॉइलच्या एक चौरस फूट तुकड्याच्या वजनाशी ताडून क्षेत्रफळ काढावे आणि तेवढ्या क्षेत्रफळाच्या गोलाची त्रिज्या हिशेबात घ्यावी. पद्धत पुरेशी शास्त्रीय आहे. तिची एकमेव अडचण अशी की ग्रॅमच्या अंशापर्यंत तोलणारा काटा सोनाराकडे असतो, आणि चुरगळलेली फॉइल तोलून मागणाऱ्याकडे सोनार ज्या नजरेने पाहतो ती नजर सर्वांना सोसत नाही.

टोरॉइड घरी करण्याचा सर्वमान्य मार्ग स्वयंपाकघरातील चिमणीचा आहे. चिमणीचा धूर बाहेर नेणारा अॅल्युमिनियमचा घड्यांचा लवचिक पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो ओढला की लांबतो, वळवला की वळतो, आणि दोन्ही टोके एकमेकांत सारून मध्ये प्लायवूडची फॉइल लावलेली चकती बसवली की टोरॉइड तयार होतो. घड्यांच्या कडा चमच्याच्या पाठीने दाबून बसवाव्या लागतात. चमचा कोणता वापरला हे नंतर विचारले जाते. चिमणीच नसलेल्या घरात हा पाइप कशासाठी आणला, हा प्रश्नही पुढे येतो, आणि पाइप आणला त्याअर्थी आता चिमणीही येणार, असा निष्कर्ष काढून घरात आनंद पसरल्यास त्याची जबाबदारी भौतिकशास्त्रावर टाकता येत नाही. दुसरा मार्ग सायकलच्या फुगवलेल्या ट्यूबवर फॉइल गुंडाळण्याचा. हा स्वस्त आहे, परंतु ट्यूब रात्रीतून बसते, आणि सकाळी धारिता कायम असूनही टॉपलोड सुरकुतलेला असतो.

अंबरनाथला हा प्रश्न वेगळ्या उंचीवरून हाताळला जातो, कारण तेथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, एमआयडीसी आहे, आणि त्या दोहोंमुळे लेथवर हात बसलेली माणसे आहेत. ठिणगीशी या गावाचा संबंध जुनाच. विम्कोच्या कारखान्याने अनेक दशके आगपेटीतून ठिणग्या पुरवल्या, त्याही ट्यूनिंगशिवाय. उल्हासनगरचा सुतार सुतात मोजतो, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अंबरनाथचा टर्नर थाऊमध्ये मोजतो, आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अशा टर्नरकडे टोरॉइडचे काम गेले की तो पहिल्याने ‘टॉलरन्स किती?’ असे विचारतो, म्हणजे मापात किती चूक चालेल. तीस सेंटिमीटरच्या टोरॉइडचा व्यास एका सुताने चुकला तरी धारितेत जेमतेम टक्काभराचा फरक पडतो, आणि थाऊने चुकला तर फरक मोजणारे उपकरण त्या टापूत नसते. पण ‘कितीही चालेल’ हे उत्तर मिळाल्यावर त्याचा कामातला रस संपतो, म्हणून जाणकार गिऱ्हाईक खालच्या आवाजात ‘पाच थाऊ’ म्हणते आणि वस्तू आरशासारखी होऊन मिळते. गुळगुळीतपणाचा कोरोनाला अटकाव होतोच, तेव्हा हे असत्य वाया जात नाही.

माथ्याचा प्रश्न लांबणीवर टाकण्याची परंपराही अंबरनाथला भारदस्त आहे. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिराचे कोरीवकाम पाहून थक्क होणारा यात्रेकरू पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पोहोचतो तेव्हा त्याला वर आकाश दिसते, कारण शिखराचा माथा तेथे नाही. खुद्द टेस्लाचेही वेगळे नव्हते. १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे त्याने १८७ फूट उंचीचा मनोरा उभारायला घेतला, त्यावर ६८ फूट व्यासाचा घुमट चढवला, जो पूर्ण गोल असता तर त्याची धारिता साडेअकराशे पिकोफॅरडपर्यंत गेली असती, जे. पी. मॉर्गनने दिलेले दीड लाख डॉलर संपले, काम पूर्णत्वाला गेले नाही आणि १९१७ मध्ये मनोरा पाडण्यात आला. १९१४ साली मंजूर झालेल्या पेटंटात मात्र त्याने टॉपलोडचा एक विलक्षण आकार मांडला आहे: टोरॉइडसारखा सांगाडा आणि त्यावर बाहेरून जोडलेल्या अनेक अर्धगोल धातूच्या वाट्या, जेणेकरून मोठा पृष्ठभाग लहान लहान फुगीर तुकड्यांतून साधावा. घरातील वाट्यांचा सेट मागण्यासाठी याहून मोठा शास्त्राधार उपलब्ध नाही, पण तोही आजवर कोठे ग्राह्य धरला गेल्याचे दिसत नाही.

तयार टोरॉइड बदलापूरला नेणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. संध्याकाळच्या लोकलमध्ये तीस सेंटिमीटर व्यासाची चकचकीत वस्तू मांडीवर घेऊन बसता येत नाही, कारण बसताच येत नाही. ती डोक्यावर धरावी लागते, आणि बदलापूर येईपर्यंत तिला पोचा पडलेला असतो. समाधान एवढेच की पोच्याने धारितेत जवळजवळ काहीही फरक पडत नाही, फक्त त्याची कड टोकदार नसावी. डब्याच्या छतावर २५,००० व्होल्टच्या तारेतून वीज घेणारी गाडी आणि छताखाली त्याच्या दसपट व्होल्टेजाची स्वप्ने पाहणारा प्रवासी, हा विरोधाभास शेजाऱ्याला समजावून सांगण्याचा प्रयत्न काही जण करतात. शेजारी सहसा अंबरनाथला उतरतो.

आता मापन. टॉपलोड हाती आल्यावर मल्टिमीटरची एक पिन त्याला लावायची आणि दुसरी कशाला लावायची, या प्रश्नाशी पहिला मोठा अडथळा येतो, आणि तो केवळ उपकरणाचा नाही. कपॅसिटरला दोन पाट्या लागतात. टॉपलोड ही एकच पाटी. दुसरी पाटी म्हणजे जमीन, भिंती, खिडकीचे ग्रिल, छताचा पंखा, गोदरेजचे कपाट आणि खोलीत उभी असलेली माणसे, मिळून सगळे घर. सूत्राने निघालेले १३ पिकोफॅरड हे अवकाशात एकट्याच लोंबकळणाऱ्या टोरॉइडचे असतात, आणि बदलापूरच्या वन बीएचकेमध्ये असा एकांत टोरॉइडलाही मिळत नाही. शिवाय साध्या मल्टिमीटरला पिकोफॅरडच्या पातळीवर टॉपलोडपेक्षा स्वतःच्याच तारा जास्त जाणवतात.

म्हणून धारिता थेट न मोजता वारंवारतेवरून काढतात. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपावर ५१ सेंटिमीटर उंचीपर्यंत २६ गेजच्या एनॅमल तारेचे सुमारे हजार वेढे घेतले, ज्याला अर्धा किलो तार आणि एक पूर्ण रविवार लागतो, तर इंडक्टन्स सुमारे २१ मिलिहेन्री भरतो आणि सेकंडरीची स्वतःची धारिता सुमारे ८ पिकोफॅरड. ही स्वतःची धारिता काढण्याचे सूत्र मेडहर्स्ट याने १९४७ मध्ये दिले आणि ते आजही चालते. फंक्शन जनरेटरने सेकंडरीच्या तळाशी पाच-दहा व्होल्टची सौम्य लहर द्यायची, वारंवारता हळूहळू फिरवायची, आणि तळाशी उलटसुलट जोडलेले दोन एलईडी सर्वांत तेजस्वी केव्हा होतात किंवा हातभर दूर ठेवलेल्या तारेतून ऑसिलोस्कोपवर सर्वांत उंच लाट केव्हा येते ते पाहायचे. टॉपलोडशिवाय ही वारंवारता समजा ३८३ किलोहर्ट्झ आली आणि टॉपलोड चढवल्यावर २४५ वर उतरली, तर पहिलीला दुसरीने भागावे, भागाकाराचा वर्ग करावा, त्यातून एक वजा करावा आणि उत्तराला ८ ने गुणावे. सुमारे साडेअकरा पिकोफॅरड मिळतात. कागदावरच्या तेरांतले दीड कोठे गेले, याचे उत्तर असे की टोरॉइड आणि सेकंडरी एकमेकांच्या आड येतात आणि दोघांची धारिता पूर्ण बेरजेने मिळत नाही. पाटबंधाऱ्यापासून पगारापर्यंत कागद आणि प्रत्यक्ष यांतील अंतर पाहिलेल्या वाचकास हे पटवून द्यावे लागू नये.

या मापनात ठिणगी पडत नाही, धोका नसतो, आणि म्हणूनच प्रेक्षकांची घोर निराशा होते. तरीही ते जागचे हलत नाहीत, आणि तेच मुख्य संकट आहे. शंभर पिकोफॅरडचा एक माणूस टॉपलोडच्या जवळ सरकला की वारंवारता खाली येते, दोघे सरकले की आणखी खाली येते, आणि ‘काय दिसतंय रे?’ असे म्हणत ऑसिलोस्कोपवर वाकलेले काका स्वतःच मापनाचा भाग होऊन बसतात. अचूक नोंद घ्यायची तर खोली रिकामी करणे आवश्यक, परंतु कॉइल चालवताना खोली कधीच रिकामी नसणार, तेव्हा कोणते माप खरे मानावे यावर मतभेद आहेत. काही काटेकोर मंडळी कुटुंबीयांना नेमलेल्या जागी उभे करून मापन करतात आणि प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी त्याच जागी राहण्याची विनंती करतात. ही विनंती पहिल्या ठिणगीपर्यंत पाळली जाते.

वारंवारता कळल्यावर प्रायमरी तिच्याशी जुळवायची असते. प्रायमरी बहुधा फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून आणलेल्या पाव इंची तांब्याच्या नळीची असते, आणि तिच्या कोणत्या वेढ्यावर क्लिप लावायची ते टॉपलोडच्या मापावर ठरते. दहा नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर २४५ किलोहर्ट्झसाठी ४२ मायक्रोहेन्री हवेत. शिवाय ठिणगी पडू लागली की तिची स्वतःची काही पिकोफॅरड धारिता टॉपलोडमध्ये मिळते आणि वारंवारता आणखी उतरते, म्हणून क्लिप किंचित पुढच्या वेढ्यावर ठेवण्याचा रिवाज आहे. सेकंडरीचे खालचे टोक मात्र जमिनीत पुरलेल्या स्वतंत्र रॉडला जोडावे लागते. घराच्या वायरिंगच्या अर्थिंगला ते जोडल्यास इमारतीतील टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि दरवाजाच्या बेल यांना प्रयोगात विनाआमंत्रण सहभाग मिळतो. तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत जमीन नसते आणि आकाशही नसते, तेव्हा सोसायटीची गच्ची हाच पर्याय उरतो आणि तिची किल्ली सेक्रेटरींकडे असते. येथे एक वाक्य विनोद सोडून लिहिणे भाग आहे: ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर या बाजूचा झटका जीवघेणा असतो, उच्च वारंवारतेची ठिणगी नुसती कातडीवरून जाते हा समज खोटा आहे, आणि हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय करू नये.

एवढे सगळे उरकल्यावर, म्हणजे काठ मोडून, आडनाव झाकून, घड्या दाबून आणि थाऊपर्यंत पॉलिश करून ठिणगीला फुटायला कोठेही जागा ठेवलेली नाही अशी खात्री झाल्यावर, कॉइल सुरू केली जाते आणि पुष्कळदा खरोखरच काहीही बाहेर पडत नाही. टॉपलोड इतका उत्तम जमलेला असतो की ट्रान्सफॉर्मरची ताकद त्याला पुरत नाही. यावर शास्त्रसंमत उपाय टाचणीचा आहे. टोरॉइडच्या घेरावर एक टाचणी टोक बाहेर ठेवून टेपने चिकटवली की विद्युतक्षेत्र तेथे एकवटते आणि ठिणगी त्याच टोकापासून, त्याच दिशेने, वारंवार फुटू लागते. इंग्रजी ग्रंथांत या टाचणीला भारदस्त नाव आहे, गच्चीवर तिला टाचणीच म्हणतात. मग ती कोणत्या दिशेला वळवावी हे ठरवायचे राहते, आणि एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला केबलवाल्याच्या तारा, तिसऱ्या बाजूला पापड वाळत घातलेले आणि चौथ्या बाजूला सेक्रेटरी स्वतः उभे असल्याने हा निर्णय बहुमताने घेतला जातो.